चुलीच्या आचेवर मोबाईल चार्ज करा, पण हिशेबाने



पावसाळा सुरू झाला की एखादी फांदी तारेवर पडते आणि वस्तीची वीज दोन-दोन दिवस येत नाही. आभाळ भरलेलं असल्यामुळे सौरदिवाही नीट भरत नाही. आणि नेमकी त्याच दिवसांत मोबाईलची गरज जास्त असते. पावसाचा अंदाज पाहायचा असतो, अडलेल्या गाईसाठी डॉक्टरांना बोलवायचं असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले दामिनी ॲप वीज पडण्याचा इशारा देते, पण बंद पडलेल्या मोबाईलवर तो इशारा कसा येणार?

अशा दिवसांतही चूल मात्र दोन वेळा पेटतेच. त्या आचेवर थोडी वीज तयार करता येते. ती कशी करायची, किती मिळते आणि हा खटाटोप कोणी करावा, हे या पत्रकात पाहू.

वीज तयार कशी होते?

1821 साली जर्मनीतील सीबेक या शास्त्रज्ञाला असे आढळले की दोन वेगळ्या धातूंची टोके जोडून एक सांधा तापवला व दुसरा थंड ठेवला, की जवळची चुंबकसुई हलते. सुई हलते याचा अर्थ तारेतून वीज वाहते. पुढे 1950 च्या दशकात सोव्हिएत रशियात रॉकेलच्या दिव्यावर बसवायची अशी यंत्रे निघाली. वीज न पोचलेल्या खेड्यांत त्यांवर रेडिओ चालत.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वीज नुसत्या उष्णतेतून मिळत नाही, ती उष्णतेच्या फरकातून मिळते. पाटाचं पाणी उतार असेल तरच वाहतं, तसाच हा प्रकार आहे. एक बाजू कितीही तापली आणि दुसरीही तेवढीच तापली, तर उतार संपला आणि वीजही संपली. म्हणून या कामात जाळ वाढवण्यापेक्षा दुसरी बाजू थंड राखणे महत्त्वाचे.

लागणारे साहित्य

1. चार पेल्टियर मोड्यूल. ही 4 सेंटिमीटर चौरसाची पातळ पांढरी वडी असते, म्हणून पुढे आपण तिला वडीच म्हणू. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थंड करण्यासाठीची आणि वीज तयार करण्यासाठीची अशा दोन प्रकारच्या वड्या मिळतात. 127 जोड्यांची, 150 अंश सेल्सिअस सोसणारी, वीज तयार करण्याची वडी मागावी. थंड करण्याच्या बऱ्याच वड्यांतील डाख 138 अंशांच्या आसपास वितळतो.
2. 6 मिलिमीटर जाडीचे दोन ॲल्युमिनियमचे पत्रे: खालचा 20 सेंटिमीटर चौरस, वरचा 15 सेंटिमीटर चौरस.
3. सपाट बुडाचे, 5 लिटर पाणी मावेल असे ॲल्युमिनियमचे पातेले.
4. चार बोल्ट, स्प्रिंग वॉशर, इस्त्रीत वापरतात तो अभ्रक आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट.
5. बक-बूस्ट कन्व्हर्टर. त्यात 4 ते 24 व्होल्टपर्यंत कितीही आले तरी बाहेर स्थिर 5 व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्याला युएसबीचे तोंड असावे.
6. मल्टिमीटर, आणि मोटार वाइंडिंगवाल्याकडे मिळते ती उष्णता सोसणारी स्लीव्ह.

बांधणी

प्रथम प्रत्येक वडी तपासून घ्या. कोमट भांड्यावर वडी ठेवा, वरून थंड पाण्याची वाटी टेकवा आणि तारा मल्टिमीटरला लावा. काटा किंवा आकडा हलला म्हणजे वडी चांगली.

खालच्या पत्र्यावर मधोमध चारही वड्या दोन-दोनच्या ओळीत मांडा. सगळ्यांचे छापील तोंड एकाच दिशेला हवे. वडीच्या दोन्ही अंगांना पेस्टचा अगदी पातळ हात द्या. पेस्ट जाड लावली तर तीच उष्णता अडवते. वर दुसरा पत्रा ठेवून चार कोपऱ्यांत बोल्ट घाला. बोल्ट उघड्या धातूला टेकला तर उष्णता त्यातूनच पळते, म्हणून वॉशरखाली अभ्रक घाला व छिद्र बोल्टपेक्षा थोडे मोठे ठेवा. बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने जोर दिला तर वडी तडकते.

पहिल्या वडीची लाल तार दुसरीच्या काळ्या तारेला, दुसरीची लाल तिसरीच्या काळ्या तारेला, अशी साखळी करा. उरलेली दोन टोके स्लीव्हमधून काढून कन्व्हर्टरपर्यंत न्या. वरच्या पत्र्यावर पेस्ट लावून पातेले बसवा. ते पुन्हा उचलायचे नाही, पाणी तांब्याने काढायचे आणि नवे ओतायचे.

कुठे ठेवायचे?

थेट जाळावर मुळीच नको. चुलीच्या वैलावर, म्हणजे भात मुरायला किंवा दूध तापत ठेवतो त्या जागी हे बसवावे. तिथली आच बेताची असते.

आधी पातेल्यात गार पाणी भरा, मगच चूल पेटवा. तासाभरात पाणी 20 ते 25 अंशांनी तापेल. ते आंघोळीला किंवा भांड्यांना काढून घ्या आणि गार पाणी ओता. पाणी वाया जात नाही आणि उतारही टिकून राहतो.

सुरुवातीच्या दिवसांत दर दहा मिनिटांनी कन्व्हर्टर सोडवून चारही वड्यांचे मिळून व्होल्ट मोजा. त्यांना 5 ने गुणले की दोन बाजूंमधील फरकाचे अंश साधारण कळतात. त्यात पाण्याचे अंश मिळवा. उदाहरणार्थ, 12 व्होल्ट आले तर फरक 60 अंशांचा. पाणी 50 अंशांचे असेल, म्हणजे बोट ठेवणं जड जाईल इतपत, तर खालची बाजू झाली 110 अंश. ही बेरीज 120 च्या वर जाऊ देऊ नका. गेली तर वैलाखालची लाकडे मागे ओढा.

किती वीज मिळेल?

दुकानदार वडीचे सर्वात जास्त व्होल्ट आणि सर्वात जास्त अँपियर सांगतो. त्या दोहोंचा गुणाकार करून हुरळून जाऊ नका, कारण ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. त्या गुणाकाराचा फार तर चौथा हिस्सा हाती लागतो.

60 अंशांच्या फरकावर या बांधणीतून सुमारे 2 वॅट मिळतात असे धरा. चूल दिवसातून तीन तास पेटली, तर 6 वॅट-तास झाले. बटणांच्या साध्या फोनची 1000 मिलिअँपियर-तासांची बॅटरी तेवढ्यात आरामात भरते. मोठ्या फोनची 5000 ची बॅटरी मात्र दिवसाला पाव हिस्साच भरेल. मोठा फोन जास्त करंट ओढू लागला तर चार्जिंग सारखे चालू-बंद होते. अशा वेळी दोनच तारांची, फक्त चार्जिंगची केबल वापरून पाहावी.

आता लाकडाचा हिशेब करू. एक किलो सुक्या लाकडात साधारण 4 युनिट उष्णता असते. वडीतून जेवढी उष्णता जाते, तिच्यातली शेकडा दोनच्या आसपासच विजेत उतरते, आणि चुलीची बहुतेक उष्णता तर वडीपर्यंत पोचतच नाही. म्हणून फोनसाठी वेगळं लाकूड जाळणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. स्वयंपाकासाठी जी चूल पेटणारच आहे, तिच्यातून मिळेल तेवढी वीज घ्यावी.

दुसरेही स्पष्ट सांगायला हवे. 10 वॅटचे लहान सौर पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी 40 वॅट-तासांपर्यंत वीज देते. वर्षाचे आठ महिने तेच परवडते. ज्यांच्या घरी रोज चूल पेटते, वस्ती आडबाजूला आहे आणि पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्यांनीच हा जोडधंदा चुलीला लावावा. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्यांनी या फंदात पडू नये.

काळजी घ्या

• पाण्याशिवाय एक क्षणही तापवू नका. चुकून कोरडे तापलेच, तर वरून गार पाणी ओतू नका. आधी जाळ ओढा आणि निवू द्या, नाहीतर वड्या तडकतील.
• कन्व्हर्टर न लावता तारा थेट मोबाईलला जोडू नका. फोन लावण्यापूर्वी बाहेर 5 व्होल्टच येतात ना, हे मोजून पाहा.
• मोबाईल व पॉवर बँक चुलीपासून निदान 2 मीटर लांब, कोरड्या जागी ठेवा. तापलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्ज करू नका.
• तारा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या पायात येणार नाहीत अशा भिंतीकडून न्या. लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

गावात आयटीआय झालेला एखादा मुलगा किंवा मोटार वाइंडिंग करणारा असेल, तर त्याला सोबत घ्या. तीन-चार घरांनी मिळून आधी एकच संच करावा, पंधरा दिवस चालवावा आणि रोजचे व्होल्ट वहीत लिहून ठेवावेत. आकडे मनासारखे आले तरच दुसऱ्या संचाला हात घालावा. आपली वही काय सांगते, ते कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवा.