बंदुकीचा परवाना, बीडचा आकडा आणि आपला संशोधन प्रश्न

"सामान्य नागरिकांना बंदूक बाळगू द्यावी का?" हा वादविवाद स्पर्धेचा विषय झाला. पेटच्या मुलाखतीत हाच विषय म्हणून सांगितला, तर समोरचे सर पहिला प्रश्न विचारतील, "बरं, मग मोजणार काय?" आज आपण या एकाच प्रश्नावर काम करू या. उदाहरणं मुद्दाम आपल्याच भागातली घेतली आहेत, कारण बंदुकीचा विषय निघाला की आपण थेट अमेरिकेत जाऊन पोचतो. अमेरिकाही येईल, पण नंतर.

सुरुवात क्रांती चौकातून. चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा सगळ्यांना माहीत आहे, काळा चबुतरा किती जणांना माहीत आहे कोण जाणे. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केलं. इंग्रजांनी बाहेरून फौज आणून ते मोडलं आणि बंडातल्या सैनिकांना इथे देहदंड दिला. क्रांती चौक हे नाव त्यावरून आलं. त्याच वर्षी कंपनी सरकारने शस्त्रांच्या आयात, उत्पादन आणि विक्रीवर बंधनं घालणारा कायदा केला, १८६० मध्ये दुसरा आणला आणि १८७८ मध्ये लिटनच्या काळात इंडियन आर्म्स ॲक्ट झाला. या शेवटच्या कायद्याचा खरा राग कशाचा होता? युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, याचा. (आपला भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू नव्हते. मराठवाड्यावर लिहिताना ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात.)

म्हणून स्वातंत्र्य चळवळीत शस्त्राचा हक्क हा स्वाभिमानाचा मुद्दा होता. गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये आयर्विनसमोर ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याची मागणी आहे. अहिंसेचा माणूस ही मागणी करतो, हे पहिल्यांदा वाचलं की गडबडायला होतं. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

मग संविधानात तो का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी नेमकी हीच दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: हा सरसकट मूलभूत हक्क केला तर गुन्हेगारी वृत्तीच्या माणसालाही तो मागता येईल. आणि आता नागरिकाच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र हाती घेण्याचं कर्तव्य जास्त महत्त्वाचं आहे. दुरुस्ती पडली. आज अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पुन्हा सांगितली: अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनाकारांनी दिलेला नाही.

आता एक सापळा. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा रझाकारांच्या सशस्त्र दहशतीतून सुटला आणि तीन महिन्यांच्या आत संविधान सभेत ही चर्चा झाली. दोन तारखा शेजारी ठेवल्या की लगेच वाक्य सुचतं: "रझाकारांच्या अनुभवामुळे हक्क नाकारला गेला." थांबा. त्या दिवशीच्या चर्चेत तसा उल्लेख दाखवता आला तरच 'मुळे' लिहायचं. नाहीतर 'त्याच सुमारास' लिहायचं. संविधान सभेच्या चर्चा छापील आणि ऑनलाइन दोन्हीकडे मिळतात, सातवा खंड काढा आणि स्वतः वाचा.

म्हणजे कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांखाली बंदूक ही परवान्याने मिळणारी सवलत आहे. वय २१ पूर्ण हवं, कारण सांगावं लागतं, पोलिसांचा अहवाल लागतो, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाना देतात. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारला तर अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांची अपिलं आपल्या शहरात येतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा वेगळा गुन्हा ठरला.

एवढं झालं की खरा संशोधन प्रश्न समोर येतो. हक्क नाहीच, मग परवाना कोणाला मिळतो आणि त्याचा परिणाम काय होतो?

इथे बीड. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा विषय पेटला. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी बीडमध्ये १२२२ परवाने आणि परभणीत ३२, असे आकडे जाहीरपणे मांडले. हातात पिस्तूल घेतलेले फोटो, हवेत गोळीबाराचे व्हिडिओ फिरू लागले. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याचं समोर आलं आणि प्रशासनाने परवाने रद्द करायला सुरुवात केली.

पहिली गोष्ट लक्षात घ्या: देशमुख यांची हत्या बंदुकीने झालेली नाही, मारहाणीने झाली. तरीही चर्चा बंदुकीवर गेली, आणि ती जाणं चूक नव्हतं. परवाना हे तिथे दहशतीचं आणि वरदहस्ताचं चिन्ह झालं होतं. पण तुम्ही जर 'परवाने वाढले म्हणून खून वाढले' असं गृहीतक लिहिणार असाल, तर ही घटना तुमचा पुरावा होऊ शकत नाही. 'परवाना आणि स्थानिक सत्ता यांचा संबंध' असं लिहिणार असाल, तर होऊ शकते.

दुसरी गोष्ट, भागाकार. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५.८५ लाख आणि परभणीची १८.३६ लाख. म्हणजे बीडमध्ये लाखामागे साधारण ४७ परवाने आणि परभणीत दोनसुद्धा नाहीत. फरक प्रचंड आहे, बातमी खरी आहे. आता तिसरा आकडा शेजारी ठेवा. गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार २०१६ च्या अखेरीस महाराष्ट्रात ८४,०५० परवाने होते. ११.२४ कोटींनी भागा, लाखामागे सुमारे ७५ येतात. म्हणजे 'परवान्यांचा जिल्हा' म्हणून गाजलेला बीड राज्याच्या सरासरीच्या खाली! आणि उत्तर प्रदेशात तेव्हा १२.७७ लाख परवाने, लाखामागे जवळपास ६४०.

मग बीडची चर्चा उगाच होती का? मुळीच नाही. तीन कारणं आहेत आणि तिन्ही तुमच्या कामाची आहेत. एक म्हणजे दोन आकड्यांत आठ वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात परवान्यांना राष्ट्रीय नोंदणीचा युनिक क्रमांक सक्तीचा झाला आणि जुन्या नोंदींची चाळणी झाली, त्यामुळे २०१६ चा आकडा आणि २०२४ चा आकडा एकाच मापाने मोजलेले नाहीत. दुसरं, आणि हे मला सगळ्यात रोचक वाटतं: 'एक परवाना' म्हणजे काय? कोकणात रानडुकरं आणि माकडं पिकात घुसतात म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घराघरात ठासणीच्या बंदुका आहेत. एक बार उडवला की पुन्हा दारू ठासत बसायचं. बँकेच्या दारातल्या सुरक्षारक्षकाची बारा बोअरही परवान्यावरच असते. आणि कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्याचाही परवानाच असतो. तक्त्यात तिन्ही एक-एक. सरासरीत कोकणातला शेतकरी आणि गावाचा दादा एकत्र मिसळले की उत्तर ७५ येतं आणि त्याला काहीच अर्थ उरत नाही. कायद्यानेही हा फरक मानलेला आहे, पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीसाठी कलम १३ मध्ये वेगळी तरतूद आहे.

तिसरं कारण असं की प्रश्न संख्येचा नव्हताच, निवडीचा होता. कोणी अर्ज केला, कोणाचा नाकारला, पोलिसांचा अहवाल काय होता, तरी परवाना कसा मिळाला? आपल्याकडे फक्त मिळालेल्या परवान्यांची यादी चर्चेत येते. नाकारलेल्यांची येत नाही. सावकाराच्या त्रासाने अर्ज केलेली बाई, गावात जातीय वैराची भीती असलेलं दलित कुटुंब, दरोड्याची भीती असलेला सराफ, यांच्या अर्जांचं काय होतं, हे कळल्याशिवाय व्यवस्था न्याय्य आहे की नाही हे सांगता येत नाही.

आता परिणामाचा भाग. "खून तर गावठी कट्ट्याने होतात, परवान्याच्या बंदुकीने नाही. मग सरळमार्गी माणसाला बंदूक द्यायला काय हरकत?" हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेलच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या तक्त्यांत बंदुकीने झालेले बहुसंख्य खून विनापरवाना शस्त्रांनी झालेले दिसतात, हे खरंच आहे. पण छेद विचारा. स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनिव्हातल्या संस्थेच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे ७.११ कोटी बंदुका आहेत आणि त्यातल्या नोंदणीकृत फक्त ९७ लाख. म्हणजे ८६ टक्के शस्त्रं मुळातच विनापरवाना. मग बहुसंख्य खून त्यांनी झाले यात नवल काय? एका परवान्याच्या बंदुकीमागे किती धोका आणि एका कट्ट्यामागे किती, ही तुलना केल्याशिवाय तो युक्तिवाद उभा राहत नाही. आणि ७.११ कोटी हा अंदाज आहे, मोजणी नाही, हेही लिहायचं. (गृह मंत्रालयाकडे देशभरात ३३.६९ लाख परवाने आणि इथे ९७ लाख नोंदणीकृत बंदुका, हा फरक पाहून दचकू नका. तेव्हा एका परवान्यावर तीन शस्त्रं ठेवता येत होती. माणसं, परवाने आणि बंदुका ही तीन वेगळी एककं आहेत.)

शिवाय 'परवाना असलेली' आणि 'नसलेली' ही विभागणी वाटते तितकी स्वच्छ नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. शस्त्र कायदेशीर आणि चालवणारा हात बेकायदेशीर. तक्त्याच्या कोणत्या रकान्यात टाकाल? तुमच्या प्रबंधात अशी व्याख्या आधी ठरवलेली नसेल, तर माहिती गोळा झाल्यावर ती तुमच्या सोयीने ठरेल.

अमेरिकेतल्या संशोधनातून शिकायचं ते याच अंगाने. १९९३ मध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांनी केस-कंट्रोल पद्धतीने दाखवलं की घरात बंदूक असलेल्या घरांत खुनाचा धोका सुमारे २.७ पट होता. टीकाकार म्हणाले, ज्यांना आधीच धोका होता त्यांनीच बंदूक घेतली असेल. म्हणजे कारण आणि परिणाम उलटे. १९९७ मध्ये लॉट आणि मस्टर्ड यांनी उलटा निष्कर्ष काढला की शस्त्र बाळगण्याची मुभा दिलेल्या राज्यांत गुन्हे कमी झाले. २००४ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सगळा पुरावा तपासून ठाम निष्कर्ष निघत नाही असं सांगितलं. मॉडेलमध्ये थोडा बदल केला की उत्तर बदलत होतं. पुढे २०१९ मध्ये डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी 'सिंथेटिक कंट्रोल' वापरून दहा वर्षांत हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं. तीच राज्यं, तेच कायदे, पद्धत बदलली. 'पद्धतीशास्त्र' हे प्रकरण आपण प्रबंधात पानं भरायला लिहितो, पण इथे सगळा वाद त्याच प्रकरणात लढला गेला.

मला स्वतःला जास्त भक्कम वाटतो तो आत्महत्येचा पुरावा. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या २.६३ कोटी प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत कोणत्याही मार्गाने होणाऱ्या आत्महत्येचा दर तशी बंदूक नसलेल्यांच्या तिपटीहून जास्त निघाला आणि बायकांत सातपटीहून जास्त. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला यामागचं तत्त्व नवं नाही. अत्यंत वाईट क्षणी हाताशी काय आहे यावर जीव वाचणं अवलंबून असतं. श्रीलंकेने सर्वात घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. शेतकऱ्यांच्या घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक द्या म्हणणाऱ्याने, आणि अशी मागणी अधूनमधून होत असते, या पुराव्याला उत्तर द्यायला हवं. मला अजून ते कुणी दिलेलं दिसलं नाही.

माझं मत विचाराल तर सरसकट हक्क नको. पीकसंरक्षणाची बंदूक वेगळी मोजावी, वेगळ्या नियमाने द्यावी आणि त्यात कंजुषी करू नये. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र 'जिवाला धोका आहे' एवढं वाक्य पुरेसं मानू नये. धोका खरा असेल तर पोलीस संरक्षण आणि गुन्ह्याचा तपास ही पहिली जबाबदारी राज्याची, आणि ती बंदूक देऊन झटकता येत नाही. हे माझं मत झालं, त्याला पुरावा म्हणू नका.

कोणाला यावर खरंच काम करायचं असेल, तर माहिती अधिकारात विचारायची माहिती अशी मागा: गेल्या दहा वर्षांत वर्षनिहाय आलेले अर्ज, मंजूर, नाकारलेले आणि रद्द झालेले परवाने, शस्त्राचा प्रकार, परवान्याचं कारण (स्वसंरक्षण, पीकसंरक्षण, क्रीडा, सुरक्षारक्षक) आणि अपिलांचा निकाल. नावं आणि पत्ते मागू नका. कलम ८(१)(ञ) खाली अर्ज अडकेल आणि तुम्हाला त्यांची गरजही नाही. शहरासाठी पोलीस आयुक्तालय, ग्रामीणसाठी जिल्हाधिकारी कार्यालय, अपिलांसाठी विभागीय आयुक्त कार्यालय, असे तीन वेगळे अर्ज. शुल्क प्रत्येकी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आठही जिल्ह्यांना एकाच दिवशी आणि एकाच शब्दांत अर्ज टाका, म्हणजे उत्तरांची तुलना करता येईल. एखाद्या जिल्ह्याने 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं कळवलं, तर ते पत्र फेकू नका. तीही नोंदच आहे, परिशिष्टात लावा.