पदवीची घाई आणि दाताचे दुखणे

बारावीचा आणि त्यापाठोपाठ ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला, की माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी घराघरांत एक नवा हिशेब मांडला जातो. मुलीला मिळालेले गुण एम. बी. बी. एस.ला पुरत नाहीत, बी. डी. एस.ला मात्र पुरतात. उसाचे बिल केव्हा हाती येईल, भविष्यनिर्वाह निधीतून किती उचल मिळेल, धाकट्याच्या शिक्षणाचे काय, हे सारे प्रश्न त्या एका रात्रीत पुढे येतात. अखेर कोणीतरी वडीलधारे माणूस निर्णायक वाक्य बोलते : “पाच वर्षांत नावापुढे डॉक्टर लागतं, मग कशाला थांबायचं?” आपल्या मध्यमवर्गाचे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान या एका वाक्यात सामावले आहे. शिक्षण किती झाले यापेक्षा ते किती लवकर संपले, याला आपण अधिक किंमत देतो. ही वृत्ती केवळ हसण्यावारी नेण्याजोगी नाही, कारण तिच्यामागे गरज आहे. परंतु ती तपासून पाहण्याजोगी मात्र निश्चित आहे.

याच हिशेबाचे एक निराळे रूप अमेरिकेत पाहावयास मिळते. दंतवैद्यकाचे जगातील पहिले महाविद्यालय 1840 साली त्या देशातील बाल्टिमोर येथे स्थापन झाले. आज तेथील रूढ मार्ग दीर्घ आहे. शालेय शिक्षणानंतर चार वर्षांची पदवी, तिच्यानंतर दंतवैद्यकाची चार वर्षे, अशी एकूण आठ वर्षे. हा कालावधी आणि त्याचा खर्च अनेकांना जाचक वाटतो. म्हणून तेथील काही विद्यापीठांनी दोन्ही पदव्या एकत्र गुंफणारे संयुक्त अभ्यासक्रम आखले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तीन आणि चार मिळून सात वर्षांचा मार्ग आहे. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक विद्यापीठाचा दंतवैद्यकाचा अभ्यासक्रमच तीन वर्षांचा असल्यामुळे, तेथील सर्वांत वेगवान मार्गाने दोन आणि तीन मिळून पाच वर्षांतही हा प्रवास पुरा होऊ शकतो. शाळा सोडतानाच निवडलेल्या हुशार मुलामुलींना हे प्रवेश मिळतात. मात्र ते सशर्त असतात. महाविद्यालयातील गुण आणि प्रवेशपरीक्षा यांची अट पुरी केली, तरच पुढचे दार उघडते.

आता गंमत अशी, की अमेरिकेत ज्याला असाधारण वेग म्हणतात, तोच आपल्याकडे सर्वसाधारण क्रम आहे. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता, अशी बी. डी. एस.ची पाच वर्षे असतात. आणि सतराअठरा वर्षांचे मूल बारावीनंतर थेट तेथे जाऊन बसते. पूर्वी हे इतके थेट नव्हते. 1933 साली मुंबईत ज्याचा प्रारंभ झाला त्या नायर दंत महाविद्यालयापासून 1968 सालच्या नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंतचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इंटर सायन्स हा शब्द परिचित असेल. मॅट्रिक झालेला मुलगा आधी महाविद्यालयाची पायरी चढे, काही काळ विज्ञानाबरोबर भाषाही शिके, वादसभेत उभा राही, ग्रंथालयात वाट चुके, आणि मग व्यवसायशिक्षणाकडे वळे. सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन हा आकृतिबंध आला आणि ती मधली दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेली. पुढे प्रवेशपरीक्षांचे राज्य आले, आणि त्या दोन वर्षांचा ताबा खासगी शिकवणीवर्गांनी घेतला. अंगण होते तेथे केवळ ओसरीचा उंबरठा उरला.

संयुक्त पदवीची कल्पना आपल्या शिक्षकवाचकांना अपरिचित नाही. विधिशिक्षणात पदवीनंतर तीन वर्षे या सहा वर्षांच्या मार्गाशेजारी बारावीनंतरचा पाच वर्षांचा मार्ग कित्येक वर्षे रुळलेला आहे. शिक्षकांसाठीही तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे बी. एड. यांच्याऐवजी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम 2023-24 पासून सुरू झाला. दोन्ही ठिकाणी एक वर्ष वाचते. गरीब घरात एका वर्षाचे मोल काय असते, हे शहरातल्या शिक्षणतज्ज्ञांनी सांगण्याची आवश्यकता नाही. वसतिगृहाचा एका वर्षाचा खर्च वाचणे आणि पहिला पगार एक वर्ष आधी घरी येणे, यांवर एखाद्या बहिणीचे शिक्षण अवलंबून असू शकते. म्हणून वेगाला सरसकट नावे ठेवणे हा सुखवस्तूंचा विलास होय. प्रश्न वेगाचा नाही. वेग साधताना आपण कोणती वस्तू वाटेत टाकून दिली, हा आहे.

या दृष्टीने पाहता अमेरिकेतील संयुक्त अभ्यासक्रम आणि आपला थेट अभ्यासक्रम यांत एक मूलभूत भेद दिसतो. तेथे दोन पदव्या एकत्र गुंफलेल्या असल्या, तरी त्या दोन असतात. तिसऱ्या वर्षी एखाद्या विद्यार्थ्याला उमगले, की हा आपला पिंड नव्हे, तर तो उरलेले वर्ष पुरे करून आपली पहिली पदवी घेऊन सन्मानाने बाहेर पडू शकतो. आपल्याकडे बी. डी. एस.ची दोन वर्षे उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र एवढे विषय अभ्यासलेले असतात. पण तो बाहेर पडला तर त्याच्या हाती पदवी नाही, पदविका नाही, बारावीचे प्रमाणपत्र तेवढे आहे. 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्वसाधारण पदवीच्या विद्यार्थ्याला एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशा उतरण्याच्या पायऱ्या सुचविल्या. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला तशी पायरी नाही. चढायला जिना, उतरायला उडी, अशी ही इमारत आहे.

आणि येथेच माळशिरसच्या त्या घरातील हिशेब अधुरा राहतो. ज्या मुलीने दंतवैद्यक निवडले ते दातांच्या ओढीने नव्हे, तर गुणांच्या उणिवेने. सतराव्या वर्षी ती निवड तिची स्वतःची तरी होती काय? कर्ज वडिलांच्या नावावर, प्रतिष्ठा घराण्याची, आणि परतीची वाट बंद. मन रमले नाही तर ती कोणाला सांगणार? वाचलेल्या वर्षांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मन मारून काढलेल्या वर्षांची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

दुसरी बाजू रुग्णाची. नीरेच्या कालव्याचे पाणी या तालुक्याच्या काही भागाला मिळाले, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले, शिक्षणसंस्था निघाल्या. तरी आठवड्याच्या बाजारात तोंडे पाहावीत. पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावणारी आजी, मळलेल्या तंबाखूची चिमूट गालात धरून उसाच्या फडात उतरणारा मजूर, आणि पुडीच्या नादी लागलेला तरुण. 2016-17 च्या राष्ट्रव्यापी तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे सत्तावीस टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, आणि त्यांतील फार मोठा वर्ग धूम्रपान करणारांचा नसून तंबाखू तोंडात ठेवणारांचा आहे. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. सवयीवर बंदी घालता येत नाही. तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण वेळीच पाहणारा पहिला माणूस बहुधा दंतवैद्यच असतो. अशा वेळी त्याला दात काढण्याच्या कौशल्याहून अधिक काही लागते. आजीला न दुखावता मिश्री सोडण्याची गोष्ट तिच्या बोलीत सांगता आली पाहिजे. समाज, भाषा, मनुष्यस्वभाव यांचा काही परिचय असला पाहिजे. घाईत कापले जाते ते नेमके हेच. कारण त्यावर प्रश्नपत्रिकेत गुण नसतात.

यावर कोणी म्हणेल, की मग आपणही आठ वर्षांचा मार्ग धरावा काय? मुळीच नाही. आठ वर्षे अमेरिकेतील सधनांनाही जड जातात, म्हणून तर त्यांनी आडवाट शोधली. शिवाय बी. डी. एस. झालेला आपला विद्यार्थी तेथे गेला, तर बहुतेक राज्यांत परवान्यासाठी त्याला तेथील मान्यताप्राप्त संस्थेत पुन्हा दोनतीन वर्षे घालवावी लागतात. तेव्हा वाचलेली वर्षे सर्वत्र वाचलेलीच राहतात असेही नाही. आपल्याला लांबी वाढवावयाची नाही; आहे त्या लांबीत दोन गोष्टी बसवावयाच्या आहेत. पहिली, मध्येच थांबणाऱ्यासाठी सन्मानाची पायरी : दोन वर्षे उत्तीर्ण झालेल्याचे श्रम विज्ञानाच्या पदवीकडे वळते करून घेण्याची तरतूद. दुसरी, अभ्यासक्रमात भाषा आणि समाज यांना खरी जागा. आंतरवासितेत ग्रामीण सेवेचा भाग आहेच. तो हजेरीपुरता न राहता आठवडी बाजार, ऊसतोड कामगारांच्या कोप्या आणि पालखीचा तळ येथपर्यंत पोहोचला पाहिजे. संसदेने 2023 साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला, 1948 सालच्या जुन्या कायद्याची जागा नव्या व्यवस्थेने घ्यावी असे ठरविले. नव्या घराचा आराखडा करतानाच खिडक्या मागणे शहाणपणाचे; भिंती उभ्या राहिल्यावर ते काम कठीण होते.

दात कोरून पोट भरत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. वर्ष कोरून विद्या भरत नाही, हेही तितकेच खरे. शिक्षकबंधूंनी बारावीच्या वर्गात एवढे करावे : गुणपत्रिकेवर बोट ठेवण्याआधी मुलाला विचारावे, की तुला काय व्हावेसे वाटते? त्या मुलीच्या वडिलांनीही त्या रात्री हिशेबाच्या वहीत एक रकाना मोकळा ठेवावा, आणि तो भरण्यासाठी लेखणी मुलीच्या हाती द्यावी. तिने विचार करून दंतवैद्यकच निवडले, तर पाच वर्षांनी माळशिरसच्या बाजारपेठेत लागणारी ती पाटी आजीच्याही उपयोगी पडेल.