कोंबड्यांसाठी घरच्या घरी अळ्या: पद्धत आणि खरं गणित



गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकाच तऱ्हेचे व्हिडिओ पाठवून विचारलं, "हे खरं का?" टबात वळवळणाऱ्या अळ्या दाखवतात आणि सांगतात, किट आमच्याकडून घ्या, तयार अळ्या आम्हीच विकत घेऊ. अळ्या खऱ्या आहेत, उपयोगही खरा आहे. "आम्हीच विकत घेऊ" याकडे मात्र जपून बघा. इमूच्या वेळी हेच सांगितलं होतं, सांगली-कोल्हापूरकडे २०१९ मध्ये गाजलेल्या कडकनाथ प्रकरणातही हेच. पक्षी शेतकऱ्याच्या दारात राहिले, घेणारा गायब. म्हणून आज सांगतोय ते विकण्यासाठी नाही, परसातल्या १०-२० गावरान कोंबड्यांसाठी. कोंबड्या बहुतेक घरी बायाच बघतात, तेव्हा हा मेसेज त्यांनाही वाचून दाखवा.

*माशी कोणती?*
नाव ब्लॅक सोल्जर फ्लाय. काळी, लांबट, पाऊण इंचाच्या आसपास, लांबून गांधीलमाशी वाटते. पण तिला नांगी नाही, ती चावत नाही आणि घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही. पोटाच्या सुरुवातीला काचेसारखे दोन पारदर्शक ठिपके दिसतात. पावसाळ्यात उकिरड्यात किंवा गांडूळखताच्या बेडमध्ये चपट्या, कडक सालीच्या, वळ्या पडलेल्या अळ्या दिसतात ना, त्या बहुधा हिच्याच. घरमाशीची अळी वेगळी: पांढरी, मऊ, एका टोकाला निमुळती. ती दिसली तर कोंबड्यांना घालायची घाई करू नका.

माशी आठवडाभर जगते. मादी एका वेळी साधारण ५०० अंडी घालते, तीही कुजणाऱ्या मालात नाही, तर त्याच्या वरच्या कोरड्या फटीत. ४ दिवसांत अंडी फुटतात. उन्हाळी-पावसाळी हवेत २ ते ३ आठवड्यांत अळी पूर्ण वाढते, काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत स्वतःहून बाहेर चढते. आपली सगळी पद्धत या चढण्याच्या सवयीवरच चालते.

*मांडणी*
जुना टब किंवा आडवा कापलेला ड्रम घ्या. तळाला बारीक भोकं पाडा, खाली पाणी धरायला घमेलं ठेवा. आत चार बोटं भुसा, त्यावर भाजीचा कचरा. टबाच्या आतून काठापर्यंत एक फळी तिरपी लावा, फार उभी नको. काठाबाहेर डबा ठेवा, म्हणजे चढून आलेल्या अळ्या त्यात पडतील. वर झाकण हवं, पण माशी शिरेल एवढी फट ठेवा. टब सावलीत ठेवा, मात्र आजूबाजूला ऊन असू द्या. उजेडाशिवाय माश्यांचा मेळ होत नाही.

माशी बोलवायला मक्याचा भरडा २-३ दिवस भिजवून आंबवा आणि दोन मुठी कचऱ्यावर टाका. खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे, ज्यांच्या कडेला नळ्या दिसतात ते, कचऱ्याला न टेकता वर टांगा. मादी त्या नळ्यांत पिवळसर पांढरी अंडी घालते. पहिल्यांदा आठ-पंधरा दिवस थांबावं लागेल. डब्यात पडलेल्या दहातली एक अळी कोरड्या भुशात सावलीत सोडून द्या, तिच्या माश्या होऊन पुढचं चक्र चालू राहतं.

कचरा मुठीत दाबला तर थेंबभर पाणी यावं, धार लागू नये. वास सुटला म्हणजे पाणी जास्त झालंय किंवा अळ्यांना खाऊन संपत नाही एवढं तुम्ही टाकलंय. भुसा मिसळा, दोन दिवस नवीन काही घालू नका. मुंग्यांसाठी टब विटांवर नको, स्टुलावर ठेवा आणि पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवा. थंडीत माशी मंदावते, नाशिक-नगरकडे डिसेंबर-जानेवारीत काम जवळजवळ थांबतं. तेव्हा टब रिकामा दिसला म्हणून बिघडलं असं समजू नका.

*काय घालू नये*
फवारणी झालेला भाजीपाला नको, मेलेली कोंबडी नको, मटणाचा कचरा नको. कोंबडीखतावर वाढवलेली अळी परत कोंबडीलाच देणंही टाळा, रोग फिरून येण्याचा धोका आहे. युरोपने २०२१ मध्ये कोंबडीखाद्यात किड्यांच्या प्रथिनाला परवानगी दिली, पण विष्ठेवर आणि हॉटेलच्या खरकट्यावर किडे वाढवायला तिथेही बंदी आहे.

*आता गणित*
वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं असतात, चुनाही भरपूर. पण ताज्या अळीत दोन तृतीयांश पाणीच. चांगलं जमलं तर १० किलो ओल्या कचऱ्यातून एक-दीड किलो ताज्या अळ्या मिळतात. २० कोंबड्यांना रोज २००-३०० ग्रॅम द्यायच्या तर रोज २-३ किलो कचरा हवा. त्यातून सुकं खाद्य मिळालं जेमतेम १०० ग्रॅम, आणि २० कोंबड्या दिवसाला दोन किलोच्या वर खातात. म्हणजे विकतचं खाद्य बंद होईल, असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका.

फायदा कुठे? ज्यांच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि घरची ज्वारी, मका, तांदळाची कणी खातात, त्यांना. धान्यात पोट भरतं, प्रथिनं कमी पडतात. ती उणीव अळी काही प्रमाणात भरते. शिवाय कचरा निम्म्याहून कमी होतो आणि उरलेला गाळ खताच्या खड्ड्यात जातो. तो कच्चा असतो, थेट रोपाला घालू नका.

एका मोठ्या कोंबडीला दिवसाला १०-१५ ग्रॅमच. अळीत चरबी बरीच असते, जास्त दिल्या तर कोंबडी सुटते आणि अंड्याला मागे पडते. साठवायच्या असतील तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून कडक उन्हात वाळवा.

*मीलवर्म मागवू नका*
शहरात पाळीव पक्षी-माशांसाठी विकली जाणारी ती पिवळी अळी. ती पिठावर, धान्यावरच जगते. कोठीत शिरली तर निस्तरणं अवघड. "सरडे-कासवं पाळणाऱ्यांना विका" असाही सल्ला फिरतोय. स्टार कासव, घोरपड घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, असल्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर टब वाढवू नका.

किटसाठी कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर करारावर सही करण्याआधी त्याचा फोटो कंपनीच्या ऑफिसच्या नंबरवर पाठवा. अळी ओळखू येत नसेल तर तिचाही पाठवा, जवळून आणि उजेडात काढलेला.