हिमनदी मागे सरली, नदी लाल झाली. खाण नसताना पाण्यात आम्ल आलं कुठून?

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की बारीक बुडबुडे येतात आणि पांढरट डाग राहतो. फरशी चुनखडीची, रस आंबट. दगड थोडा विरघळतो. तापमानवाढीमुळे उंच पर्वतांत आता असंच घडतंय, पण तिथे आम्ल खुद्द खडकातूनच निघतं.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातली कॉर्डिलेरा ब्लांका ही पर्वतरांग घ्या. इथलं सर्वोच्च शिखर वास्कारान ६,७६८ मीटर उंच. पेरूतल्या हिमनद्यांचं निम्म्याहून अधिक क्षेत्र गेल्या सहा दशकांत नाहीसं झालंय.

नेमकं काय होतं?

इथल्या काही खडकांत पायराईट आहे. दिसायला सोन्यासारखं, पण मुळात लोखंड आणि गंधक. बर्फाखाली ते झाकलेलं होतं. बर्फ गेला, हवा-पाणी लागलं आणि त्यातून गंधकाम्ल तयार होऊ लागलं. हे आम्ल खडकातलं लोखंड, मँगनीज, जस्त, अ‍ॅल्युमिनियम पाण्यात ओढून आणतं. पास्तोरुरी हिमनदीजवळचे दगड त्यामुळेच गंजल्यासारखे तांबडे दिसतात. जवळच्या रिओ नेग्रो नदीचंही तेच. ऊन वाढलं की ही क्रिया आणखी वेगाने होते.

फटका कुणाला?

खालच्या गावांना. पिण्याचं पाणी, जनावरं, शेती सगळं याच नदीवर. कानरे चिको गावच्या लोकांनी तळी करून, त्यात पाणवनस्पती लावून पाणी सुधारण्याचा प्रयोग केला.

आणि आपला हिमालय?

गंगोत्रीच्या वितळपाण्यातही पायराईटमधून आलेलं सल्फेट सापडतं. मात्र हिमालयात बऱ्याच ठिकाणी चुनखडक असल्याने आम्ल तिथेच मुरतं, नदी आंबट होत नाही. पण फरशीवरचे बुडबुडे आठवा. ते कार्बन डायऑक्साइडचे असतात. इथेही तोच वायू सुटतो.

एरवी पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडक झिजवतो आणि लाखो वर्षांत समुद्रतळाशी गाडला जातो. गंधकाम्ल शिरलं की हिशेब उलटा होतो. कोळसा-पेट्रोलच्या धुरापुढे हे प्रमाण फारच कमी, हेही खरं.

हिमनद्या वितळल्यावर नदीला पाणी किती उरेल, याची चर्चा नेहमी होते. पेरूतल्या गावांपुढे त्याआधीच दुसरा प्रश्न उभा आहे: जे पाणी येतंय, ते प्यायचं का?