दरवर्षी त्याच घरात

घरगुती फोटोग्राफीतलं सगळ्यात अवघड काम कोणतं असं विचारलं, तर मी बोरनहाण सांगेन. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पुण्यात माझे बहुतेक दिवस याच कामात जातात. बाळाच्या अंगात काळं झबलं, त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद, हातात बासरी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकटीत काळं कापड जास्त आलं की तो उजेड वाढवतो, आणि जिथे हलव्याचा काटा न् काटा दिसायला हवा तिथे नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून मी उजेड बाळाच्या गालावर मोजते, कॅमेरा सांगतो त्यापेक्षा जवळजवळ एक स्टॉप खाली येते आणि काळ्याला काळंच राहू देते. आता बाजारात तयार दागिने मिळतात, पण काही घरांत अजून आजी आणि मावश्या रात्री बसून एकेक दाणा ओवतात. ते काम फोटोत दिसलं नाही, तर मी तिथे गेले कशाला?

मग बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि हल्ली चॉकलेटंही बाळाच्या डोक्यावरून ओततात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत संपतं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा मंद ठेवलं तर चुरमुऱ्यांच्या रेघा होतात. तो वर्षाव तर मी टिपतेच, पण माझं लक्ष त्याच्या पुढच्या क्षणाकडे असतं. बाळ आधी गप्प होतं. आपल्यावर काय पडलं हे त्याला कळत नसतं. मग ते आईचा चेहरा शोधतं, आणि त्या चेहऱ्यावर हसू दिसलं तरच स्वतः हसतं. तेवढ्यात आजूबाजूची पोरं खाऊवर झडप घालतात आणि तो क्षण संपतो. तो मिळवायचा तर फोटोग्राफरनं जमिनीवर, बाळाच्या नजरेच्या उंचीवर, 35 मिलिमीटरची लेन्स लावून आधीच बसलेलं असावं लागतं. उभ्यानं काढलेल्या फोटोत बाळाचा मुकुट दिसतो, बाळ दिसत नाही.

म्हणून मी कार्यक्रमाच्या तासभर आधी पोहोचते. कॅमेरा पिशवीतच असतो. चहा घेते, आजीशी बोलते आणि बोलता बोलता घर बघून घेते. खिडकी कोणत्या दिशेला आहे, ऊन कुठवर येतं, भिंतींचा रंग काय. पोपटी भिंतीजवळ बसलेल्या बाळाच्या गालावर हिरवट झाक येते, आणि ती नंतर संगणकावर काढायला गेलं की कातडीचा रंग मरतो. त्यापेक्षा पाट दोन हात पुढे सरकवणं सोपं. छतात पिवळे दिवे, भिंतीवर पांढरी ट्यूब आणि खिडकीतून निळसर दिवस असे तीन उजेड एकत्र आले की कोणताच रंग खरा राहत नाही. मी घरच्यांना दिवे बंद करायला सांगते. सुरुवातीला त्यांना पटत नाही. कार्यक्रम घरात आणि अंधार करायचा? खिडकीच्या उजेडातला एक फोटो दाखवला की पटतं. संध्याकाळचा कार्यक्रम असला तर दुसरी अडचण येते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं आणि फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. अशा वेळी मी शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणते, चुरमुऱ्यांच्या रेघा होऊ देते आणि चेहरे सांभाळते.

ग्रुप फोटोबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तरुण फोटोग्राफर त्याला कमी लेखतात. त्यांना सहज टिपलेले, नकळत काढलेले फोटो हवे असतात, आणि ग्रुप फोटो म्हणजे जुनाट काम वाटतं. माझं मत उलटं आहे. अख्खं घर एका चौकटीत मांडण्याइतकं कसाचं काम या धंद्यात दुसरं नाही. तंत्र फारसं नाही. दोन-तीन रांगा असतील तर अॅपर्चर 5.6 किंवा 8 ठेवायचं, म्हणजे मागच्या रांगेतला काका धूसर होत नाही. माणसं जितकी जास्त तितके फोटो जास्त काढायचे, कारण कुणीतरी डोळे मिटतंच. खरं काम माणसांचं असतं. खुर्च्यांवर थोरले, मागे मुलगे-सुना, पायाशी नातवंडं ही मांडणी सगळ्यांना ठाऊक असते. पण मोजायला लागलं की एक जण कमी भरतो, आणि बहुतेक वेळा ती घरातली सून असते. ती आत पुऱ्या तळत असते. "तुम्ही घ्या हो काढून, मी आलेच," असा आवाज येतो. मी काढत नाही. ती गॅस बंद करून, हात पुसून येईपर्यंत सगळ्यांना उभं ठेवते. कुणी कुरकुरतं, पण मी हलत नाही.

आणि एक आत्या असते. नवरा गेलेला, त्यामुळे मंगलकार्यात ती आपणहून कडेला सरकते. कुणी तिला हाकलत नाही आणि कुणी बोलावतही नाही. "आत्या, तुम्ही भावाशेजारी बसा, मला उंचीचा मेळ जमत नाहीये," असं मी म्हणते. उंचीचं कारण दिलं की कुणाला काही बोलता येत नाही. ती बसते, पदर सारखा करते आणि भाऊ न बोलता तिच्यासाठी खुर्ची ओढतो. कॅमेरा हातात असलेल्या माणसाला घरात एवढा अधिकार घटकाभर मिळतो. तो वापरायला शिकणं हे या कामाचं शिक्षण आहे, आणि ते कोणत्याही कोर्समध्ये मिळत नाही.

बाई असल्याचा या कामात मला उपयोग होतो. ओटी भरताना, बाळंतिणीच्या खोलीत, बाळाला पाजताना मी सहज असू शकते. ही गरज जुनी आहे. फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका ब्रिटिश बाईंना नेमलं. बायकांचे फोटो बायकांनी काढण्याचा व्यवसाय चालतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

मी शिकले लग्नाच्या स्टुडिओत. आधी दिवे धरले, मग वायरी गुंडाळल्या, मग रात्र-रात्र बसून करिझ्मा अल्बमची पानं जुळवली. लग्नाच्या कामात पैसा आहे, पण त्या घराशी नातं मांडव उतरला की संपतं. मला घरात परत जायचं होतं. एका बारशाच्या कामातून त्याच इमारतीतलं डोहाळजेवण मिळालं, त्यातून मुंज, मुंजीतून आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. जाहिरातीपेक्षा मला जिन्यातल्या बायकांच्या बोलण्यानंच जास्त काम दिलं. तरी सगळे महिने सारखे नसतात. संक्रांत, मे महिना आणि दिवाळी यांत दम घ्यायला फुरसत नसते. आषाढात आणि पितृपक्षात फोन वाजत नाही. त्या दिवसांत मी लोकांचे जुने फोटो दुरुस्त करते. कोकणातून येणारे फोटो तर हमखास काचेला चिकटलेले असतात, कारण दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. तो ओढून काढायचा नसतो, चेहराच सोलून निघतो. काचेसकटच त्याची प्रत घ्यायची.

तरुण मुलं विचारतात, ताई, कॅमेरा कोणता घेऊ? मी सांगते, चांगल्या स्थितीतला वापरलेला घ्या, एक 35ची आणि एक 85ची लेन्स घ्या आणि उरलेले पैसे हार्ड डिस्कवर घाला. प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. चोरी, पाणी, आग यांतलं काही झालं तरी लोकांच्या घरची एक प्रत वाचली पाहिजे. बोरनहाण पुन्हा करता येत नाही.

पैशाचं बोलणं मी पहिल्या फोनवरच करते. दोन तासांच्या कामामागे निवडीचे आणि रंग नीट करण्याचे कितीतरी तास असतात. शेकडो फोटोंतून साठ-सत्तर ठेवायचे असतात आणि ती निवड हीच माझी कारागिरी आहे. सगळे फोटो द्या, आम्ही निवडतो, असं म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे नाही म्हणते. करार लेखी करते. 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 या धंद्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. मला तो नियम घरगुती फोटोंपुरता योग्यच वाटतो. एखाद्या पोरीचं अंघोळीचं हसू माझ्या जाहिरातीसाठी नाही. त्यामुळे काय दाखवायचं आणि काय नाही, हे आईवडिलांना विचारून करारातच लिहून घेते. आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते, 18 टक्के कर लावावा लागतो. हे सगळं कलेच्या विरुद्ध आहे असं मला कधी वाटलं नाही. भाडं भरता आलं तरच पुढच्या वर्षी त्या घरात जाता येतं.

पुढच्या वर्षी त्या घरात जाणं, यातच या कामाची सर्जनशीलता आहे अशी माझी खात्री झाली आहे. नवा कोन, नवा फिल्टर, आकाशातून घेतलेला फोटो, या गोष्टी दोन हंगामांत जुन्या होतात. त्याच घरी, त्याच खिडकीजवळ, तीच माणसं वर्षानुवर्षं बघायला मिळाली की हळूहळू कळायला लागतं. धाकटी थोरलीसारखी मान कलती करते. आजोबांचा हात आधी खुर्चीच्या दांड्यावर असायचा, आता काठीवर असतो. भांडणानंतरच्या वर्षी दोन भाऊ रांगेच्या दोन टोकांना उभे राहतात. हे एका फोटोत दिसत नाही. सलग फोटो ओळीनं मांडले की दिसतं, आणि ते बघून पुढच्या वेळी कॅमेरा कुठे धरायचा हेही कळतं. हे मोठ्या कलावंतांनी केलेलं आहे. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग शेरगिल यांनी बायको, मुली आणि स्वतः यांचे फोटो कित्येक दशकं काढले. ते व्यावसायिक फोटोग्राफर नव्हते. पण त्या घरगुती फोटोंवरच त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी 'री-टेक ऑफ अमृता' ही फोटो-मालिका उभी केली, आणि आज उमरावसिंगांचं नाव भारतीय फोटोग्राफीच्या इतिहासात घेतलं जातं. कामाची सुरुवात घरात झाली म्हणून ते लहान ठरत नाही.

या कामातली एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही. घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन येतो, "ताई, आईंचा एखादा चांगला फोटो आहे का? हार घालायला हवा." मी तिथे आधी गेले असेन तर असतो. नसेन तर आधार कार्डावरचा किंवा कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढलेला चेहरा येतो, शेजारच्याचा खांदा त्यात तसाच दिसत असतो. त्याच घरात नातवाचे हजारो फोटो फोनमध्ये असतात. म्हणून बोरनहाणाला गेले तरी मी आजी-आजोबांना खिडकीजवळ पाच मिनिटं बसवतेच. आजी म्हणते, "माझा कशाला गं, बाळाचा काढ." मी तिला बाळाबद्दलच काहीतरी विचारते. ती सांगायला लागते, विसरते, आणि मग 85च्या लेन्सनं मी तिचा फोटो घेते. त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. फोटोग्राफर बोलवा अथवा नका बोलवू, सुट्टीच्या एखाद्या दिवशी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसवून फोटो काढा आणि त्याची छापील प्रत करून घ्या. फोन बदलतात, पासवर्ड हरवतात, चांगल्या कागदावरची प्रत टिकते. तिच्या मागे सगळ्यांची पूर्ण नावं, गाव आणि वर्ष लिहा. बायकांचीही स्वतःची नावं लिहा, नुसतं 'काकू' किंवा 'वहिनी' नको. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. आजच्या गुळगुळीत फोटोपेपरच्या पाठीवर ती उमटत नाही, तिथे पिगमेंट शाईचं पेन वापरा आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय एका फोटोवर दुसरा ठेवू नका.