चिखलदऱ्याच्या पलीकडलें घर

वैशाखाच्या उन्हानें वऱ्हाड भाजूं लागलें, कीं परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास जाणाऱ्यांत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें असतात. भीमकुंड, गाविलगड आणि वैराट पाहून तीं परततात. आम्हीहि कित्येक वर्षें तसेच परतत आलों. गेल्या उन्हाळ्यांत मात्र नातवंडांच्या आग्रहावरून पुढें मेळघाटांत उतरलों, आणि एका कोरकू गांवांत जें पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

गांव जुन्या धाटणीचें. समोरासमोर घरांच्या दोन रांगा, मध्यें रुंद रस्ता. बांबूच्या कुडावर शेणामातीचा लेप आणि वर कवेलू. आमच्याच वयाच्या एका गृहस्थांनीं रांगेबाहेर उभें असलेलें आपलें सरकारी घरकुल दाखविलें. भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचें. आंत गुरांचा चारा आणि मोहाचीं फुलें भरलेलीं. स्वतः राहतात ते जुन्याच घरांत! कारण विचारतां म्हणाले, “गुरुजी, दुपारीं आंत बसवत नाहीं. आणि म्हातारी म्हणते, रांग सोडून तिकडे एकटी राहूं काय?”

आम्हांस वाटलें, या दोन वाक्यांत साऱ्या गृहसाहाय्याचें मर्म आलें. ‘गृह’ शब्दाचें मूळ ‘ग्रह्’ धातूंत आहे, असें आम्ही मुलांस शिकवीत असूं. जें माणसास आपल्यांत घेतें, तें गृह. चार भिंतींस तो अर्थ आपोआप येत नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. २०१६ सालीं प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना सुरू झाली, तेव्हां घरास निदान २५ चौरस मीटर जागा असावी, असें ठरलें. अनुदान सपाटीवर १,२०,००० रुपये व डोंगराळ, दुर्गम भागांत १,३०,००० रुपये नेमलें गेलें. महाराष्ट्रांत आदिवासींसाठीं शबरी घरकुल योजनाहि आहे. विशेष हें, कीं आवास योजनेच्या नियमांत ठेकेदारास स्थान नाहीं. घर मालकानेंच बांधावें, स्थानिक साहित्य व स्थानिक घाट वापरावा, हेंच तिला अभिप्रेत आहे. म्हणजे रांगेंतलें कवेलूचें घर नियमानें अडत नाहीं. अडतें तें सवयीनें. एकच नकाशा सर्वत्र चालविणें सोपें, म्हणून तो चालतो.

दुसरी अडचण वाटेची. सपाटी आणि डोंगर यांच्या अनुदानांतलें अंतर अवघें दहा हजारांचें. तेवढ्यांत सिमेंट, लोखंड घाट चढून आडरानांतल्या पाड्यापर्यंत कसें पोंचावें? १९७४ पासून येथें व्याघ्रप्रकल्प आहे, त्यामुळें रस्ता व वीज यांस वनखात्याची संमति लागते. तरीहि २००६ च्या वनहक्क कायद्यानें शाळा, दवाखाना, रस्ता, पिण्याचें पाणी अशा तेरा सोयींसाठीं, ग्रामसभेच्या शिफारशीनें, प्रत्येकीं एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची मुभा ठेविली आहे. ती ग्रामसभांस ठाऊक असली पाहिजे.

तिसरी अडचण सीमेची. मेळघाटाला लागून मध्यप्रदेशाचे बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर हे जिल्हे आहेत. कोरकू दोन्हींकडे राहतात. त्यांची भाषा मुंडा कुळांतली, मराठीहि नव्हे आणि हिंदीहि नव्हे. योजनेचा कागद मात्र याच दोन भाषांतून येतो. १५ नोव्हेंबर २०२३ रोजीं आरंभिलेल्या जनमन योजनेंत घरास २,००,००० रुपये ठरले. पण महाराष्ट्रांतून तिच्यांत कातकरी, कोलाम व माडिया गोंड एवढेच येतात, कोरकू येत नाहींत. २ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘धरती आबा’ अभियानानें इतर आदिवासी गांवांकडेहि दृष्टि वळविली, ही समाधानाची गोष्ट.

आमचें म्हणणें इतकेंच. आपल्या घरीं नवी वास्तु उभारतांना आपण वडीलधाऱ्यांस विचारतों, देवघर आणि चूल कोठें असावी यावर चार दिवस खल करतों. तो अधिकार त्या म्हातारीसहि आहे. तिचें मत भिंत उठण्यापूर्वीं, तिच्याच भाषेंत विचारलें गेलें, तर चाऱ्याची कोठी न होतां घरकुलाचें घर होईल. पुढील वैशाखांत चिखलदऱ्यास जाल, तेव्हां दरीच्या कठड्याशींच थांबूं नका. चार कोस पुढें जा, आणि मुलांनाहि तीं दोन रांगांचीं घरें दाखवा.