पायरीची कड: काय टिकतं, काय घसरतं

माळशेज घाट चढून ओतूरकडे निघालं की कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर डिंगोरे लागतं. आषाढात इकडे पाऊस सलग लागला की ओटे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. रानातून आलेल्या माणसाच्या चपलेला चिखल, हातात दुधाची किटली आणि पुढ्यात ओट्याच्या तीन पायऱ्या. जुन्या घराच्या पायऱ्या घडीव काळ्या दगडाच्या, शेजारच्या नव्या बंगल्याच्या ग्रॅनाइटच्या. त्यात तोंड दिसावं इतक्या चकचकीत.

पायरी उतरताना पाऊल तिच्या मधोमध पडत नाही. चवडा कडेवर येतो, बोटं थोडी बाहेर डोकावतात आणि अंगाचा सगळा भार त्या दोन-अडीच इंचांवर उतरतो. माणूस पायरीवरून घसरला असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो कडेवरून घसरलेला असतो. तरीही घर बांधताना कडेचा विचार सगळ्यांत शेवटी होतो आणि तोही ती शोभेल कशी एवढाच.

गैरसमज: दगड जितका कठीण, तितकी पायरी सुरक्षित.

वस्तुस्थिती: कठीण असणं वेगळं आणि खरखरीत असणं वेगळं. ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना हे सांगायला नको. जातं वापरून गुळगुळीत झालं की दळण नीट पडत नाही, मग टाकी लावून घ्यावी लागते. दगड तोच, कठीणपणाही तोच. बदलतो फक्त वरचा पोत. पायरीचंही तसंच आहे. कोरड्या ग्रॅनाइटवर चप्पल बऱ्यापैकी धरते. पाऊस पडला की चपलेचा तळ आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. दगड खरखरीत असेल तर त्याचे बारीक उंचवटे हा थर फोडून चपलेला भिडतात. पॉलिश केलेल्या दगडाला उंचवटेच नसतात, त्यामुळे पाय पाण्यावरच तरंगतो. ग्रॅनाइटच हवा असेल तर बाहेरच्या पायऱ्यांना फ्लेम फिनिशचा, म्हणजे खरखरीत केलेला, घ्या. आधीच बसवलेला असेल तर कडेलगत दोन-तीन खाचा मारून घ्या. हे काम एका दिवसाचं आहे.

गैरसमज: कड गोल केली की लागत नाही.

वस्तुस्थिती: अर्धसत्य. धारदार कडेवर आपटलं तर जास्त लागतं आणि तिचे टवकेही उडतात, हे खरं. पण कड जितकी जास्त गोल, तितकी पाय टेकायची सपाट जागा कमी. हौसेने केलेलं ‘फुल राउंड मोल्डिंग’ पाऊल खाली ढकलायलाच मदत करतं. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांत पायरीच्या कडेची गोलाई जास्तीत जास्त अर्धा इंच त्रिज्येची ठरवली आहे. धार मोडण्यापुरती गोलाई पुरे.

गैरसमज: कडेला उंच पट्टी ठोकली की पाय अडतो, घसरत नाही.

वस्तुस्थिती: पाय अडतो हे अगदी खरं, आणि धोकाही तोच. सपाट जमिनीवर चालताना पुढे जाणारा अंगठा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. दमलेल्या किंवा म्हाताऱ्या माणसाचा त्याहूनही कमी असू शकतो. पट्टी थोडी जरी वर आली तरी ठेच ठरलेली. त्याच अमेरिकी नियमांनुसार चालण्याच्या वाटेवर पाव इंचापर्यंतचा उभा फरक चालतो. पाव ते अर्ध्या इंचाच्या फरकाला उतार द्यावा लागतो आणि त्याहून जास्त असेल तर रॅम्पच करावा लागतो.

वर आलेल्या कडेच्या धोक्याचं टोकाचं उदाहरण मॉलमधल्या बोलिंगच्या खेळात सापडतं. चेंडू सोडण्याआधी खेळाडू किमान १५ फूट लांबीच्या पट्ट्यावरून पावलं टाकत येतो आणि शेवटचं पाऊल मुद्दाम घसरवतो. त्यासाठी त्या पायातल्या बुटाचा तळही गुळगुळीत असतो. हातात १६ पौंडांपर्यंतचा, म्हणजे सव्वासात किलोपर्यंतचा चेंडू. तो पट्टा जिथे गालिच्याला किंवा फरशीला भिडतो, तिथली कड नखभर जरी वर आली तरी चेंडूसकट माणूस पालथा. म्हणून तिथली पट्टी पृष्ठभागाशी सपाट बसवावी लागते. पाय मुद्दाम घसरवण्याच्या जागी जे पाळावं लागतं, ते पाय घसरू नये अशा आपल्या ओट्यावर का पाळू नये?

गैरसमज: ॲल्युमिनियमची पट्टी एकदा बसवली की जन्माची काळजी मिटली.

वस्तुस्थिती: धातू उन्हात वाढतो. ३ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर जवळपास ३ मिलिमीटरने लांबते. उन्हात तापणाऱ्या आणि पहाटे गार पडणाऱ्या ओट्यावर असा फरक पडू शकतो. खालचं काँक्रीट त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही. दोन्ही टोकं आवळलेली असली तर पट्टीला मधूनच फुगून वर यावं लागतं. त्यात साधे लोखंडी स्क्रू वापरले तर पावसात ते गंजतात, त्यांच्या शेजारचं ॲल्युमिनियमही खाल्लं जातं आणि पट्टी खडखडू लागते. म्हणून लांब पट्टीचे तुकडे करावेत, मध्ये थोडी फट ठेवावी, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि पट्टी कापलेल्या खाचेत बसवावी.

गैरसमज: जुन्या पायरीवर नवी फरशी चढवली, एक पायरी इंचभर कमी-जास्त झाली, तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती: लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरी आपण बघून थोडीच चढतो? पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढचं काम पाय आपोआप करतात. हा हिशेब एका पायरीने मोडला की तोल गेलाच. अमेरिकेतल्या बांधकाम संहितेत एका जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आता आपल्याकडचं काम बघा. अठरा मिलिमीटरची फरशी आणि खाली मसाला असा थर सगळ्या पायऱ्यांवर चढतो, पण अंगण आणि वरचा ओटा तसेच राहतात. मग पहिली पायरी तेवढ्याने उंच होते आणि शेवटची तेवढीच बुटकी. घरच्यांना सवय होते. पडतो तो पाहुणा.

गैरसमज: कड आणि पायरी एकाच रंगाची असली की देखणी दिसते.

वस्तुस्थिती: दिसते देखणी, पण कड दिसत नाही. संध्याकाळी वीज गेलेली असताना, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना, काळी पायरी कुठे संपते ते कळत नाही. कडेलगत सुमारे दोन इंचांचा वेगळ्या रंगाचा खरखरीत पट्टा तिन्ही पायऱ्यांवर सारखा असला की काम होतं.

शेवटी टिकाऊपणाविषयी. पाय धरून ठेवणारी कड झिजणारच. जात्याला टाकी लावून घेताना कुणी जातं वाईट निघालं म्हणत नसे. ते वापरात आहे एवढाच त्याचा अर्थ. कडेकडेही तसंच बघावं. दर वर्षी मृगाच्या आधी आपण कौलं चाळतो, पत्र्याचे स्क्रू आवळतो. त्याच दिवशी पायऱ्यांवर बादलीभर पाणी ओतावं आणि कठड्याला धरून अनवाणी पायाचा चवडा कडेवर फिरवून बघावा. सरकला, तर खाचा मारणाऱ्याला पावसाआधीच बोलवावं.